गादीमागचा खांब

सुताराच्या बाकाखाली ढलप्या कशा साचतात, कधी बघितलंय का? दिवसभर तिकडं कुणाचं लक्ष नसतं. संध्याकाळी झाडायला वाकलं की कळतं, गुडघाभर ढीग झालाय. किश्श्यांचं तसंच असतं. साताऱ्यात आणि सांगलीत जुन्या इमारतींची हॉस्टेलं करताना माझ्याकडं असे लय किस्से साचले. पारावर बसलं की मंडळी म्हणतात, "आप्पा, त्या उंच पाव्हण्याचं सांगा की." मी सांगतो, ते हसतात, चहा येतो. पण मूठभर ढलप्या मी आजपर्यंत बाकाखालीच सारून ठेवल्या होत्या. त्या एका खांबाच्या आहेत. आठवल्या की अजून कान गरम होतात. आज त्याही झाडून काढतो.

मी सुतार. शाळेची पायरी कधी चढलो नाही. लिहायला लागलो तोही त्या खांबापायीच. ते पुढं येईल.

माणसं तीनच ध्यानात ठेवा. पहिल्या केतकी मॅडम. साताऱ्याच्याच, वय तिशीच्या आसपास, आर्किटेक्ट. दुसऱ्याच्या हाताखाली राबून झाल्यावर स्वतःच्या नावावरचं त्यांचं हे पहिलं काम. दुसरा बाबू गवंडी. चाळीस वर्षांचा माझा जोडीदार. भिंत सरळ बांधतो आणि बोलतो वाकडं. तिसरे मालक. ते विट्याकडचे. सगळी उमर तमिळनाडूत सोनं आटवण्यात गेली. आता गावाकडं परत येऊन, पेठेतल्या जुन्या इमारती घेऊन त्यात हॉस्टेल करायचं त्यांच्या मनात आलं होतं.

पहिली इमारत साताऱ्यातली. कापडाची जुनी पेढी. खाली दुकान, वर गाठोडी ठेवायच्या खोल्या. मॅडमनी पहिल्या दिवशी आम्हाला उभं करून समजावलं, की पाठीवर सॅक घेऊन फिरणारी पोरं-पोरी इथं उतरणार. एका खोलीत आठ पलंग, एकावर एक.

बाबूनं थापी खाली ठेवली. "म्हंजे आठ अनोळखी मानसं एका खोलीत झोपनार, आनी वर पैसं देनार?"

"हो, बाबूकाका."

"आमी जत्रंत असंच झोपतो मॅडम. पर फुकट."

*

माझ्या चष्म्याची गोष्ट आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मला वाचता येत नव्हतं आणि ते मी कुणाला सांगत नव्हतो. माप मी काठीवर खाचा पाडून घेतो. आमच्या बापानंही तसंच घेतलं. माझी काठी कधी चुकलेली नाही. पण आजकाल काम कागदावर येतं. मॅडमनी नकाशा पुढं धरला की मी खिसे चाचपायचो आणि म्हणायचो, "मॅडम, चष्मा घरी राहिला. तुमी सांगा, मी ध्यानात ठेवतो."

त्या सांगायच्या, मी ध्यानात ठेवायचो. एकदा, दोनदा, दहादा. एक दिवस बाबू सगळ्यांदेखत म्हणाला, "आप्पाचा चष्मा पंधरा वर्सं घरीच हाय. त्याला मतदानाला तरी आन रं."

माणसं हसली. मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या नकाशावर चित्रं यायला लागली. दिव्याच्या जागी दिवा काढलेला, खिडकीच्या जागी खिडकी, आणि पलंगावर काडीसारखा एक झोपलेला माणूस. मला काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. वाटलं, शहरात आता अशीच पद्धत असेल.

*

पलंगाची लांबी मॅडमनी आकड्यात सांगितली होती. आकडा माझ्या ध्यानातून गेला. परत विचारायला जीव होईना. मग मी माझ्या अकलेनं केलं. शेजारच्या गल्लीत एक रिटायर सुभेदार राहतात. त्या पेठेत त्यांच्याएवढा उंच माणूस नाही. म्हटलं, मिलिटरीच्या मापात बसणारा माणूस जिथं मावतो, तिथं जग मावेल. त्यांना ओट्यावर आडवं केलं, काठी लावली, वर चार बोटं सोडली आणि खाच पाडली. सुभेदार पडल्या पडल्या विचारत होते, "आप्पा, हे नक्की पलंगाचंच माप ना?"

उद्घाटनाआधी मॅडमनी ओळखीतले चार जण राहायला बोलावले. त्यात हॉलंडकडचा एक पोरगा होता. दारातून येताना वाकला तेव्हाच मला सुभेदार आठवले. तो माझ्या पलंगावर आडवा झाला. घोट्यापासून पुढचे दोन्ही पाय खिडकीत.

सकाळी त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. मी मॅडमना म्हटलं, "शिव्या दिल्या असतील."

मॅडमनी वाचून दाखवलं. लिहिलं होतं, 'साताऱ्याची हवा फार छान आहे. माझ्या पायांनी ती रात्रभर घेतली.'

मग मॅडमनी मला विचारलं, "आप्पा, माप कुणाचं घेतलंत?"

"सुभेदारांचं."

"पुढच्या वेळी एखादा जनरल बघा."

त्या हसत म्हणाल्या, पण ते पलंग त्यांनी स्वतःच्या फीमधून लांब करून घेतले. मला ते बाबूकडून कळलं. मालकाला त्यांनी कळू दिलं नाही.

*

दुसरं माझं पाप उत्तरेचं.

नकाशावरचा तो काडीचा माणूस मी नीट बघितला. डोकं उत्तरेला. आमच्यात उत्तरेला डोकं फक्त मेलेल्या माणसाचं करतात. मला त्या चित्राकडं बघवेना. आठ माणसं, परक्या गावची, आईबापापासून लांब, आणि आपण त्यांना असं झोपवायचं? मॅडमना सांगावं तर त्या शिकलेल्या, हसतील. म्हणून मी कुणाला न सांगता सगळे पलंग फिरवून बसवले. उशीची बाजू दक्षिणेला. मनाला बरं वाटलं.

पण वायरमननं नकाशाबरहुकूम दिवे आणि मोबाईलची बटणं उत्तरेच्या भिंतीला बसवली होती. आता ती पायाशी आली.

दुसऱ्या खेपेला मॅडमनी आठ जण राहायला बोलावले, तेव्हा सकाळी मी मुद्दाम बघायला गेलो. आठच्या आठ जण उलटे झोपलेले. उशा ओढून पायथ्याला घेतलेल्या, चार्जरची वायर कानाशी, आणि सगळ्यांची डोकी उत्तरेला.

बाबू दारातून बघून म्हणाला, "गड्या, मोबाईलम्होरं यमाचंबी काय चालंना झालंय."

मॅडम एवढंच म्हणाल्या, "आप्पा, काही वेगळं करावंसं वाटलं तर मला आधी सांगाल का?"

मी म्हटलं, "व्हय मॅडम."

हे 'व्हय' मी मनापासून म्हटलं होतं. पण माणसाचं मन आणि त्याचा हात काही एका गावचे नसतात.

*

आता खांब.

पेढीच्या खालच्या खोलीत, जिथं शेठ लोक गादीवर बसायचे, तिथं गादीच्या मागं एक सागवानी खांब होता. पिढ्यान् पिढ्या माणसं त्याला टेकली होती. तेलकट डोकी, घामेजलेल्या पाठी, गिऱ्हाइकांचे हात. माणसाच्या बसत्या उंचीला तो खांब काळाकुळकुळीत झाला होता. त्यावर एक झाक होती, घरातल्या जुन्या पाटावर असते तशी. मॅडमनी नकाशात त्याच्याभोवती लाल गोल काढला होता आणि गोलाशेजारी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आप्पा, ह्या इमारतीत हा खांब सगळ्यात महत्त्वाचा. पोरं इथंच बसणार, ह्यालाच टेकणार."

मी मान हलवली. लाल गोल म्हणजे सगळ्यात चांगलं काम इथं करायचं, असं मी समजलो. त्या दोन ओळी कुणाकडून वाचून घ्याव्यात, एवढं शहाणपण झालं नाही. चष्मा घरी होता ना.

मॅडम दोन दिवस पुण्याला गेल्या. बाबू शिरवळला लग्नाला गेला. मी एकटाच. त्या बाईनं माझ्यासाठी एवढं केलं होतं, पलंग पदरच्या पैशानं लांब केले, उत्तरेचं पोटात घातलं. वाटलं, आपणही त्यांच्यासाठी काहीतरी मनापासून करावं. आमच्या घरची शिकवण अशी, की काम हातावेगळं करताना लाकूड कोरं करून द्यायचं. मळकं लाकूड कुणाच्या पुढं ठेवणं म्हणजे उष्टं ताट वाढणं.

मी रंध्याला धार लावली आणि तो खांब रंधला.

सकाळी सुरू केलं, दुपारपर्यंत झालं. काय लाकूड होतं. एवढ्या वर्षांनी आतून सोन्यासारखं निघालं. लांबच्या लांब ढलप्या पडत होत्या, एका अंगाला काळ्या, एका अंगाला पिवळ्या. वर काचपेपर मारला, फडक्यानं पुसला. हात फिरवून बघितला, लोण्यासारखा. आयुष्यात इतकं चांगलं काम मी थोड्या वेळा केलं असेल.

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. खांद्यावरची पिशवी खाली न ठेवता तशाच खांबापुढं उभ्या राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. शाबासकीसाठी बघत होतो. त्यांचं तोंड असं उतरलं, जसं कुणी घरातलं गेल्याचं कळावं.

"आप्पा," त्या हळू म्हणाल्या, "हे काय झालं?"

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "वाळवी लागली व्हती मॅडम."

त्या खांबाकडंच बघत होत्या. मग मीच पुढं बोललो. खोटं बोलणाऱ्याला गप्प बसवत नाही. "वरवरच व्हती. वेळंवर घावली. काढून टाकली सगळी."

त्यांनी खांबावरून एकदा हात फिरवला. खाली ढलप्यांचा ढीग तसाच होता, त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही होतात."

ते वाक्य मला अजून टोचतं.

संध्याकाळी बाबू परत आला. खांब बघितला, मला बघितलं. "चार म्हैनं मी ह्या खोलीत हाय. मला कदी वाळवी दिसली न्हाई."

"तुझं ध्यान भिंतीकडं."

"व्हय," बाबू म्हणाला, "आनी तुझं कुटं व्हतं?"

*

मालक आठवड्यानं आले. त्यांनी त्या काळ्या खांबाचा फोटो मोबाईलवर सगळीकडं धाडला होता. जाहिरातीतही तोच खांब. आत आले आणि खोलीच्या मधोमध थांबले.

मालक ओरडणारे नाहीत. भट्टीपुढं बसणारी माणसं हळू बोलतात. ते म्हणाले, "मी जलमभर मळ काढून सोनं इकलं. मॅडम म्हनाल्या, हितं मळच इकायचा. माझ्या डोक्यात ते शिरायला सा म्हैनं लागलं. आनी आता पटलं तवा तुमी मळच काढला."

मी पुढं व्हायला पाहिजे होतं. पाय उचलला होता, खोटं सांगत नाही. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "निर्णय माझा होता. वाळवी होती."

"वाळवी व्हती तर दावा. एका खांबाला लागती आनी बाकीच्यास्नी सोडती, असली वाळवी मी बगितली न्हाई. चार दिसांत तपासनीवाला बोलवा. न्हाईतर सांगलीचं काम मी पुण्याच्या लोकास्नी देतो."

सांगलीचं काम म्हणजे हळदीची जुनी वखार, साताऱ्याच्या तिप्पट मोठी. मॅडमनी त्या कामाच्या भरवशावर भाड्यानं ऑफिस घेतलं होतं. दोन पोरींना कामावर ठेवलं होतं.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही. मी माझ्या पायाकडं बघत होतो. उचललेला पाय परत होता तिथंच आला होता.

*

ह्याच्या पुढचं मी पारावर कधी सांगितलेलं नाही.

आमच्या रानाच्या बांधावर एक वारूळ आहे. तिथं वाळवी भरपूर. पहाटे खोरं घेऊन गेलो. आमची कारभारीण शेण टाकायला निघाली होती, तिनं बघितलं.

"आवं, वारूळ कशाला उकरताय? पंचमीला दूध घातलंय मी तितं. नागोबाचं घर हाय ते."

"कडंकडंनं उकरतो."

"पर कशाला?"

"कामाला लागतीय."

"वाळवी?"

मी वारुळाला हात जोडले, एक कडा फोडली आणि मातीसकट वाळवी डब्यात भरली. घरात रिकामा डबा एकच होता, कंदी पेढ्यांचा, पुठ्ठ्याचा. वर सुतळीची गाठ मारली.

एसटीत शेजारी आमच्या गावची सोनामावशी. डब्याकडं बघून तिचं तोंड फुललं. "पेढं व्हय आप्पा? सुनंला पोरगं झालं?"

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस घाईत लय वाईट खोटं बोलतो. मी मान हलवली.

मावशीनं सगळ्या एसटीला सांगितलं. कंडक्टरनं हात पुढं केला, "आमाला न्हाई व्हय एक?" मी डबा छातीशी धरून बसलो. म्हटलं, आधी देवाला दाखवायचेत. साताऱ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत पुठ्ठ्याचा एक कोपरा नरम झाला होता. आतून खात होती ती.

संध्याकाळी गावातल्या चार बाया टोपडी घेऊन आमच्या दारात आल्या. सूनबाई रेखा चुलीपुढं भाकरी थापत होती. ती म्हणाली, "कुटलं बाळ?"

ते घरात निस्तरायला मला आठ दिवस लागले.

पण डब्याचं सांगतो. हॉस्टेलात कुणी नव्हतं. मी खांबाच्या मागच्या अंगाला, वरच्या सांध्यात, पटाशीनं थोडी फट केली आणि त्यात माती आणि वाळवी भरली. स्वतःच्या हातानं रंधलेल्या खांबात. सुतार असून. रिकामा डबा माळ्यावर सरकवला. खाली उतरून सांडलेली माती पुसून घेतली.

तपासणीवाला इस्लामपूरकडचा, संजय नावाचा. साखर कारखान्यांची गोदामं तपासणारा, कामात मुरलेला. मालक आणि मॅडम खाली उभे. संजय शिडीवर चढला, बॅटरी मारली, सांध्यातली माती चिमटीत घेतली. बोटावर चोळली. नाकाला लावली. मग वरूनच त्यानं मला विचारलं, "आप्पा, तुमचं रान कुटल्या अंगाला?"

"नदीच्या."

"काळं असंल. चिकाट."

"व्हय."

"ऊस चांगला येत असंल."

"येतो."

तो शिडीवर तसाच थांबला. मला वाटलं, आता संपलं. खालून मालकांनी विचारलं, "काय हाय?"

संजयनं एकदा मॅडमकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "वाळवी हाय," तो म्हणाला. "जित्ती हाय."

कागदावर तसं लिहून दिलं. मालक समाधानी झाले. सांगलीचं काम मॅडमकडंच राहिलं. सांध्यात औषध फवारून झाल्यावर, जाताना संजयनं पंप गाडीला बांधला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "वाळवी खरी हाय आप्पा. फकस्त गाव चुकलंय तिचं. पुन्हा नका आनू. पुन्हा आनली तर ऱ्हाईल हितंच."

त्या रात्री जेवण गेलं नाही. मॅडमचं काम वाचलं होतं. पण ते मीच बुडवलं होतं आणि दुसरं खोटं बोलून वाचवलं होतं. ह्याला वाचवणं म्हणत नाहीत.

*

हॉस्टेल सुरू झालं. मी अधूनमधून कडी-कोयंडा बसवायला जायचो. एक दिवस बघितलं तर खांबाशेजारी पितळी पाटी. चार स्क्रूंवर बसवलेली. मालकांनी लावली होती. मला बघून खूश होऊन म्हणाले, "आप्पा, मळ गेला तर गेला. गोष्ट तरी घावली."

कसली गोष्ट, हे मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून लोक माझ्याशी निराळं वागायला लागले. सॅकवाली पोरं पाटी वाचायची, मग मला बघायची. कुणी हात मिळवायचं. केरळकडची एक पोरगी माझ्या पाया पडली. उंच पोरांनी माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले. मी खांबाला टेकून हसायचो आणि आतून जीव घाबरा व्हायचा.

बाबूला विचारलं, "काय लिवलंय रं?"

"तुजं नाव हाय."

"आनी?"

"आनी चष्मा आनून वाच की."

मग मी ठरवलं. घरी गेलो आणि रेखाला म्हटलं, "सूनबाई, मला अक्षरं शिकव." मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "हात धुऊन या." तिनं मला एसटीच्या पाट्यांवरून शिकवलं. सातारा, कराड, सांगली. रोज फाट्यावर जाऊन बसायचो आणि येणारी प्रत्येक गाडी वाचायचो. ड्रायव्हर थांबवायचे, "आप्पा, चढा." मी म्हणायचो, "जायाचं न्हाई, वाचतोय." एक हिवाळा असा गेला. उन्हाळ्यात गाडी निघून जायच्या आत पाटी वाचून व्हायला लागली.

मग साताऱ्याला गेलो. पाटीपुढं उभा राहिलो. बोट ठेवून एक एक अक्षर जोडलं. मागं दोन पोरं फोटोसाठी थांबली होती. त्यांना वाटलं म्हातारा प्रार्थना करतोय, म्हणून तीही गप्प उभी राहिली.

'हा खांब वाळवीने पोखरला होता. आप्पा सुतार यांनी आपल्या हातांनी तो वाचवला.'

आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःचं नाव छापलेलं वाचलं. ते असं.

खांबाकडं बघितलं. बसत्या उंचीला, जिथं पोरं टेकतात, तिथं वाटीएवढा डाग पडायला लागला होता. अगदी फिका. मी पिशवीतून पेचकस काढला, चारही स्क्रू सोडवले आणि पाटी उतरवली.

*

ती पाटी घेऊन मी सांगलीची गाडी धरली.

वखारीत काम सुरू होतं. तिथले खांब बघून मी दारातच थांबलो. हळद मुरलेले, तळापासून माथ्यापर्यंत पिवळे. हात लावला की बोट पिवळं. सगळ्या वखारीला हळदीच्या घरासारखा वास. मॅडम मधे टेबल टाकून उभ्या होत्या. पलीकडं बाबू आणि चार गडी भिंतीचं बघत होते.

सगळी वाट मी मनात वाक्यं जुळवली होती. पुढं गेलो. पाटी टेबलावर ठेवली. शेजारी पुडीत बांधलेले स्क्रू ठेवले.

"मॅडम, त्यो खांब..."

पुढचं वाक्य कुठं गेलं कळेना. एसटीत तर पाठ होतं.

मॅडमनी पुडी सोडली. "स्क्रूसुद्धा आणलेत?"

"चारी हायत."

"वाचलीत पाटी?"

"वाचली." मग म्हटलं, "म्या वाचली. माझी मी."

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग त्यांनी पाटी उलटी करून बाजूला ठेवली आणि खालचा नकाशा माझ्यापुढं सरकवला. कागद जुना होता, कडा मळलेल्या. मी येण्याच्या कितीतरी आधी काढलेला.

"आप्पा, आधी हा बघा. मग काय ते बोलू."

वखारीचे सगळे खांब त्यात काढले होते. प्रत्येक खांबाशेजारी लाल गोल. आणि प्रत्येक गोलाशेजारी, लिहिलेलं काही नाही, दोन लहान चित्रं. पहिल्या चित्रात रंधा, त्यावर लाल फुली. दुसऱ्या चित्रात एक चौकोनी डबा, वर सुतळीची गाठ, एक कोपरा खाल्लेला. त्यावरही फुली.

माझे कान तापले. माळ्यावर सरकवलेला तो डबा मी परत खाली काढलाच नव्हता. नकाशा हातात तसाच राहिला.

बाबू मागून येऊन वाकून बघायला लागला. गडीही आले. बाबूनं एक चित्र बघितलं, दुसरं बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"मॅडम, रंद्याचं आमाला काय न्हाई. पर डबा आनायचा न्हाई म्हंजे? दुपारी जेवायचं काय आमी?"

मॅडम पेन्सिलीला टोक करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"बाबूकाका, तुम्ही खुशाल डबा आणा. ते चित्र एकट्या आप्पांसाठी आहे."